तुकडा पुन्हा तपासा

(दहावी १९८४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं होतं, "तू आरोग्यावर वीस मिनिटं बोल, पण कुणाला घाबरवू नकोस." मी विषय कळवला, तेव्हा आपल्या ग्रुपवर बराच वेळ शांतता होती. मग एकाने विचारलंच, "अगं, स्नेहमेळाव्यात कॅन्सर कशाला?" प्रश्न रास्त होता. उत्तर इथेच बसलं आहे. आपल्या वर्गातल्या तीन मुलींना स्तनाचा कॅन्सर झाला. त्यातली एक गेली. एक पूर्ण बरी आहे. तिसरीचा आजार सात वर्षांनी परत आला, आणि परत आल्यानंतरची पाच वर्षं ती घर, नोकरी, नातवंड सगळं सांभाळून आहे. हा विषय घ्यायला तिनेच मला लावलं. ती म्हणाली, "पहिल्यांदा झाला तेव्हा सगळे भेटायला आले. परत आला तेव्हा लोक माझ्याशी बोलायचेच बंद झाले. आता काय राहिलंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. काय राहिलंय ते तू सांग." ती कोण, हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. तिच्या परवानगीने बोलते आहे.

तुमच्यापैकी काही जण मला अजून "घाटीतली डॉक्टर" म्हणतात. मी तिथे शिकले हे खरं, पण मी गोळ्या-औषधं देणारी डॉक्टर नाही. मी पॅथॉलॉजिस्ट. माझ्याकडे पेशंट येत नाही, तिच्या गाठीचा तुकडा येतो. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता आणि तो कपाटात कुलूपबंद असायचा. वर्षातून एकदा शास्त्राच्या बाई त्यातून कांद्याची साल दाखवायच्या. पुढे माझं अख्खं आयुष्य त्याच यंत्राला डोळा लावून गेलं. म्हणून आज मी औषधांबद्दल बोलणार आहे ते तुकड्याच्या बाजूने. नव्या औषधांपैकी कुठलं लागू पडेल, ते बहुतेक वेळा तुकड्यावरूनच ठरतं.

आधी एक गैरसमज दूर करू. स्तनाचा कॅन्सर परत येतो तेव्हा तो हाडात, यकृतात, फुप्फुसात किंवा मेंदूत दिसू शकतो. घरचे म्हणतात, "आता हाडांचा कॅन्सर झाला." तसं नसतं. आपला माणूस औरंगाबाद सोडून पुण्याला गेला म्हणून त्याचं आडनाव बदलत नाही. हाडात गेलेल्या पेशी स्तनाच्याच असतात आणि त्यांच्यावर औषधंही स्तनाच्या कॅन्सरचीच चालतात. हा आजार शरीरात पसरल्यावर तो मुळापासून जाईल असं डॉक्टर सहसा सांगत नाहीत, आणि मीही सांगणार नाही. पण तो दाबून ठेवता येतो. किती काळ, हे त्या पेशी कशावर जगतात यावर अवलंबून आहे.

पेशी कशावर जगतात, हा प्रश्न जुना आहे. १८९६ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने एक निबंध प्रसिद्ध केला. गाय व्याल्यावर तिची बीजकोषं काढली तर ती जास्त काळ दूध देते, असं काही देशांतले शेतकरी करतात, हे त्याच्या वाचनात आलं होतं. म्हणजे बीजकोष आणि स्तन यांचा आतून काही संबंध आहे. त्याने पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या एका तरुण बाईची बीजकोषं काढली, आणि तिच्या गाठी विरल्या. इस्ट्रोजेन हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. पुढे टॅमॉक्सिफेन ही गोळी आली. ती मुळात गर्भनिरोधक म्हणून शोधली होती आणि त्या कामी नापास झाली. १९७७ साली अमेरिकेत ती पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी मंजूर झाली. इस्ट्रोजेन पेशीवर जिथे बसतं ती जागाच ही गोळी अडवून धरते. आज आपण ज्याला "टार्गेटेड" म्हणजे नेमका नेम धरणारा उपचार म्हणतो, त्याची सुरुवात इथूनच झाली.

आपल्या मातीतलं एक नाव इथे घ्यायलाच हवं. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे. डॉ. खानोलकरांच्या हाताखाली मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी स्तनाच्या कॅन्सरवर काम केलं. उंदरांवर प्रयोग करून आनुवंशिकता, संप्रेरकं आणि हा आजार यांचा संबंध त्या तपासत होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. आपण तेव्हा आठवीत होतो. आपल्या पुस्तकात मादाम क्युरी होत्या, कमलताई नव्हत्या. नातींना त्यांचं नाव जरूर सांगा.

आता माझ्या टेबलावर या. तुकड्यावर आम्ही तीन गोष्टी तपासतो: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोन हार्मोनच्या जागा. त्या असतील तर पेशीचं केंद्रक तपकिरी रंगतं. तिसरं, हर-टू, हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. ते फार झालं की पेशीला सतत "वाढ, वाढ" असा निरोप मिळत राहतो. ते जास्त असेल तर प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ उमटते आणि सगळं चित्र कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारखं दिसतं. रिपोर्टवर त्याला शून्य, एक, दोन किंवा तीन गुण मिळतात. तीन म्हणजे पॉझिटिव्ह. दोन आले तर फिश नावाची आणखी एक तपासणी करायची आणि मगच ठरवायचं. तिन्ही गोष्टी निगेटिव्ह असतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात, आणि आपल्या देशात त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे.

हर-टू पॉझिटिव्ह हा एके काळी सगळ्यात वाईट रिपोर्ट होता. १९८७ साली अमेरिकेतल्या डेनिस स्लॅमन यांनी दाखवलं की ज्या बायकांच्या गाठीत या जनुकाच्या जास्तीच्या प्रती असतात, त्यांचा आजार लवकर उलटतो. मग या प्रथिनालाच जाऊन चिकटणारं औषध तयार झालं, ट्रॅस्टुझुमॅब. ते १९९८ साली मंजूर झालं. पुढे त्याच्या जोडीला पर्टुझुमॅब आलं. केमो, ट्रॅस्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब अशी तिन्ही औषधं मिळालेल्या, हर-टू पॉझिटिव्ह आणि पसरलेला आजार असलेल्या बायकांच्या एका मोठ्या अभ्यासात आठ वर्षांनंतर ३७ टक्के बायका हयात होत्या. पर्टुझुमॅबशिवाय हेच प्रमाण २३ टक्के होतं. आकडा शंभर नाही, हे मला कळतं. पण मी शिकत होते तेव्हा या रिपोर्टवर कुणी आठ वर्षांचा हिशेबच मांडत नव्हतं.

हार्मोन पॉझिटिव्ह आजारातही असंच झालं. पेशीचं विभाजन कुठल्या कळांवर चालतं, हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २००१ साली नोबेल मिळालं. त्यातलीच एक कळ बंद करणाऱ्या गोळ्या आल्या. पाल्बोसिक्लिब २०१५ साली, मग रिबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब. त्या लेट्रोझोलसारख्या हार्मोनच्या गोळीबरोबर घ्यायच्या. नुसत्या लेट्रोझोलने आजार साधारण साडेचौदा महिने दबून राहत होता. पाल्बोसिक्लिब जोडल्यावर तो काळ जवळजवळ पंचवीस महिने झाला. केस सहसा पूर्ण जात नाहीत, रोज दवाखान्यात जावं लागत नाही. मात्र पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं.

एवढं सगळं सांगितलं ते आता पुढच्या मुद्द्यासाठी. आपल्या मैत्रिणीचा २०१३ चा रिपोर्ट होता ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. ऑपरेशन झालं, केमो झाली, शेक झाले, पाच वर्षं गोळी झाली. २०२० साली पाठ दुखायला लागली. पेट स्कॅनमध्ये हाडं आणि यकृत दोन्हीकडे डाग दिसले. घरचे म्हणाले, जुना रिपोर्ट आहेच की, त्यावरून औषध सुरू करा, बाईला परत सुया कशाला टोचायच्या? तिच्या डॉक्टरांनी मात्र यकृतातून पुन्हा तुकडा घ्यायला लावला. त्यात हर-टू तीन आलं. जुन्या रिपोर्टवर जे औषध तिला मिळालंच नसतं, तेच आज तिला धरून आहे. दर तीन आठवड्यांनी तिला इंजेक्शन असतं. आजच्या मेळाव्याची तारीख आपण दोनदा बदलली ना? ती त्या वेळापत्रकाप्रमाणे बदलली.

प्रत्येकीचं असं होतं असं नाही. बहुतेकींचा नवा रिपोर्ट जुन्यासारखाच येतो. पण जगभरातल्या अभ्यासांचा मेळ घातला तर ढोबळमानाने पाचांपैकी एकीत ईआर बदललेला सापडतो आणि दहांपैकी एकीत हर-टू. म्हणून आजार परत आला, आणि तुकडा घेणं शक्य असलं, तर तो पुन्हा तपासायचा. मला आज एकच वाक्य बोलायची परवानगी असती, तर मी हेच बोलले असते.

"सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे आपल्याकडे घराघरांत ऐकू येतं. त्या भीतीपायी कितीतरी बायका तपासणीशिवाय घरी बसतात. सुईने घेतलेल्या तुकड्यामुळे आजार पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. तुकडा घेतल्याशिवाय औषध निवडणं म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणं.

आणि हा तुकडा जपा. सिल्लोड, वैजापूर, गंगापूरहून नातेवाईक तुकडा बाटलीत घालून एसटीने आणतात, तसे मी अनेकदा पाहिले आहेत. कुठे तो पाण्यात असतो, कुठे सलाईनमध्ये, कुठे औषधाच्या रिकाम्या बाटलीत अर्धवट बुडालेला. असा तुकडा सडतो, आणि त्यावर ईआर-हर-टूची तपासणी भरवशाची होत नाही. निगेटिव्ह आलं तर ते खरं निगेटिव्ह की तुकडा खराब झाल्यामुळे, हे कुणालाच सांगता येत नाही. तुकडा काढल्यापासून तासाभराच्या आत दहा टक्क्यांच्या बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा, फॉर्मॅलिन भरपूर हवं, आणि त्यात तो सहा ते बहात्तर तास राहायला हवा. हाडातला तुकडा असेल तर आणखी एक काळजी. हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं तर तपासणी बिघडते. म्हणून अर्जावर "स्तनाच्या कॅन्सरची रुग्ण, ईआर, पीआर, हर-टू करायचे आहे" असं आधीच लिहायला डॉक्टरांना सांगा. आणि मेणात बसवलेले जुने ठोकळे, ज्यांना आम्ही ब्लॉक म्हणतो, ते घरी फाइलबरोबर नीट ठेवा. उन्हात नको, फ्रीजमध्येही नको. दहा वर्षांनीसुद्धा ते कामाला येतात.

ब्लॉकचा उपयोग आता आणखी वाढला आहे. २०२२ साली एका अभ्यासाने दाखवलं की हर-टू एक किंवा दोन गुणांचं, म्हणजे पूर्वी आम्ही सरळ निगेटिव्ह लिहायचो ते असलं, तरी ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन हे औषध पसरलेल्या आजारात काम करतं. हे ट्रॅस्टुझुमॅबच्या पाठीवर केमोचं ओझं बांधून थेट त्या पेशीपर्यंत पोहोचवणारं औषध. म्हणून "हर-टू निगेटिव्ह" एवढ्या दोन शब्दांवर थांबू नका, गुण किती ते विचारा. आणि रक्त देऊन बीआरसीए जनुक तपासायला हवं का, तेही विचारा. त्यात दोष निघाला तर ओलापॅरिबसारख्या गोळ्या उपलब्ध आहेत, आणि मग बहिणी, मुली आणि मुलगेसुद्धा तपासावे लागतात. तो दोष बापाकडूनही येतो, म्हणून इथे बसलेल्या पुरुषांनीही हे ऐकून ठेवा.

ही औषधं नेमकी असली तरी निरुपद्रवी नाहीत. ट्रॅस्टुझुमॅब चालू असेल तर दर तीन-चार महिन्यांनी टूडी इको करावा लागतो, कारण हृदयाची ताकद कमी होऊ शकते. डेरुक्सटेकॅन घेताना नवा खोकला किंवा धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, फुप्फुसाला सूज येऊ शकते. रिबोसिक्लिबवर ईसीजी लागतो, अबेमासिक्लिबवर जुलाब होतात. आणि शेजारणीने दिलेला काढा किंवा कुठल्यातरी महाराजांची पुडी चालू असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. काही वनस्पतींमुळे या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वर-खाली होतं.

आता पैशाचं बोलू. मला सगळ्यात जास्त फोन त्यासाठीच येतात. २०२२ साली केरळमधली एक बाई याच आजाराच्या रिबोसिक्लिब या औषधासाठी उच्च न्यायालयात गेली. महिन्याला ५८ हजारांच्या वर किंमत होती. खटला चालू असतानाच ती गेली. न्यायालयाने तो प्रश्न तिच्यानंतरही स्वतःहून चालू ठेवला. दुसरीकडे, पाल्बोसिक्लिबचं पेटंट भारतात जानेवारी २०२३ मध्ये संपलं आणि अनेक भारतीय कंपन्यांनी ती गोळी काढली. पूर्वी ज्या गोळीसाठी घरं गहाण पडायची, ती आता महिन्याला काही हजारांत मिळते. ट्रॅस्टुझुमॅबचंही तसंच. २०१४ पासून आपल्याकडे भारतीय बनावटीचं मिळू लागलं आणि पुढे किंमत उतरत गेली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. डेरुक्सटेकॅन अजून फार महाग आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात त्यावरची कस्टम ड्यूटी काढली, तरी.

म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणी "परवडणार नाही" म्हणून औषध सोडलं असेल, तर आज पुन्हा किंमत विचारा. डॉक्टरांना सरळ विचारा, "याचं भारतीय बनावटीचं आहे का?" महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे आणि मर्यादा पाच लाखांची झाली आहे. पण त्यात सगळीच औषधं बसतात असं नाही. उपचार सुरू करण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे औषधाचं नाव लिहून घेऊन जा आणि बसतं की नाही ते विचारा. आधी पैसे भरून नंतर परत मिळतील, या आशेवर राहू नका.

आणि प्रत्येक वेळी मुंबईच गाठायला हवी असंही नाही. आपण शाळेत होतो तेव्हा कॅन्सर म्हटलं की रात्रीच्या गाडीने टाटाला जायचं, परळच्या फुटपाथवर पथारी टाकायची, एवढंच ठाऊक होतं. २०१२ पासून आपल्याच शहरात, आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जालना, बीड, परभणी, बुलढाण्याहून लोक तिथे येतात. दुसरं मत घ्यायला मुंबईला जरूर जा, पण दर तीन आठवड्यांची इंजेक्शनं इथेच घेता आली तर वर्षानुवर्षं उपचार टिकतो. हा लांब पल्ल्याचा आजार आहे, आणि प्रवासाने दमून उपचार सोडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

शेवटी, मैत्रिणीने मला तीन गोष्टी सांगायला सांगितल्या आहेत, त्या तिच्याच शब्दांत सांगते. एक: "मला भेटायला आलात तर 'कशी आहेस' एवढंच विचारा, 'किती दिवस' असं डोळ्यांनी विचारू नका." दोन: "इंजेक्शनच्या दिवशी माझ्याबरोबर येऊन बसा. चार तास भिंतीकडे बघत बसायला कंटाळा येतो." तीन: "औषधं आहेत, हे बाकीच्यांना सांगा. मला एका डॉक्टरने सांगितलं म्हणून कळलं. जिला कुणी सांगणार नाही, तिचं काय?"

तिसऱ्या गोष्टीसाठी आपल्या तुकडीने काहीतरी करावं, असं मला वाटतं. आपल्यात दोन वकील आहेत, एक औषधांचे ठोक विक्रेते आहेत, बँकेतले चौघे आहेत, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवणाऱ्या तर कितीतरी जणी आहेत. माझा नंबर तुमच्याकडे आहेच. तुमच्या ओळखीच्या, नात्यातल्या, घरी कामाला येणाऱ्या बाईचा आजार परत आला असेल, तर तिची फाइल आणि ब्लॉक घेऊन तिला माझ्याकडे पाठवा. रिपोर्ट वाचून दाखवायचे मी पैसे घेत नाही. कुठला प्रश्न कुणाला विचारायचा, एवढं मी नक्की सांगू शकते. अर्ज भरायला आणि योजनेच्या खिडकीपर्यंत सोबत जायला मात्र तुम्ही हवे आहात. बाहेर चहाच्या टेबलाजवळ वही ठेवली आहे. ज्यांना महिन्यातून एक दिवस देता येईल त्यांनी नाव आणि वार लिहा.

आपल्या सरांनी आणि बाईंनी एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतलं. वर्गात आम्ही त्यांचं कधी इतक्या शांतपणे ऐकलं नव्हतं, त्याबद्दल त्यांचे विशेष आभार.